पुरवून पुरवून मोडलेला विक्रम

विक्रम मोडायला अक्कल लागत नाही, पाय लागतात. अक्कल लागते ती विक्रम पुरवायला. ज्या घरात साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवतात आणि टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं फाडून आतून खरवडतात, त्याच घरात जगज्जेता निपजतो, हे आता सगळ्या सुधारलेल्या देशांनी मान्य केलंय. (ज्यांनी केलं नाही ते सुधारायचे राहिलेत.)

आता सुसाटचंच घ्या. सुसाट हे नाव त्याला गल्लीनं दिलं आणि गावातल्या शर्यतींच्या मंडळानं पुढे कागदोपत्री कायम केलं. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. एवढं अंतर जगात सगळ्यात कमी वेळात पळून त्यानं विक्रम मोडला. पुढच्या वर्षी परत मोडला. त्याच्या पुढच्या वर्षी परत. असा सतरा वर्षं तो एकटा एकच विक्रम मोडत राहिला. आणि दर वेळी मोडायचा किती? केसभर. पापणी लवायला वेळ लागतो ना, तेवढाच. दुधावरची साय काढावी तसा अलगद सेकंदाचा पापुद्रा काढायचा आणि खालचं दूध झाकून ठेवायचा.

हे तो शिकला आईकडून. आई म्हणजे घरातलं अर्थखातं. सुसाटच्या लग्नात बायकोच्या माहेराहून सहा कपांचा एक सेट आला होता. पातळ चिनी मातीचा, काठाला सोनेरी रेघ. आईनं तो त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. "पाहुण्यांसाठी," म्हणाली. पाहुणे आले, ढिगानं आले. एकदा तर खुद्द मंत्री आले. पण आईनं फळीकडे बघितलं, मंत्र्यांकडे बघितलं, आणि चहा स्टीलच्या पेल्यात दिला. नेमके कसले पाहुणे आल्यावर सेट काढायचा हे तिनं कधी सांगितलं नाही. पण आलेले ते नव्हेत, एवढं तिला बघताक्षणी कळायचं.

अशा हाताखाली वाढलेला पोरगा मास्तरांच्या तालमीत गेला, म्हणजे दुधात साखर. मास्तर स्वतः कधी पळाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. पण पळणाऱ्याला थांबवायची विद्या त्यांच्याकडे होती. मैदानाच्या कडेला ते टॉवेल घेऊन उभे राहायचे. टॉवेल उजव्या खांद्यावर: चाललंय ते ठीक. डाव्या खांद्यावर: आवर. डोक्यावर: जरा ताण. गळ्यात गुंडाळला की: संपव बाबा. सुसाट प्रत्येक वळणावर मान वळवून टॉवेल बघायचा आणि त्याप्रमाणे पाय टाकायचा. हा टॉवेल सतरा वर्षांत दोनदा धुतला. दोन्ही वेळा वेग जरा मागेपुढे झाला, म्हणून धुणं बंद केलं.

या टॉवेलाच्या जोरावर काय काय उभं राहिलं ते बघा. पहिला विक्रम मोडला तेव्हा मंडळ म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली आणि एक खुर्ची होती. चिटणीस खुर्चीवर बसले की अध्यक्ष उभे राहायचे. आज मंडळाची तीन मजली इमारत आहे, लिफ्टसकट. (पळण्याला वाहिलेल्या मंडळाला लिफ्ट कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना तिसऱ्या मजल्यावर चौकशीला पाठवतात, जिन्यानं.) विक्रम नियोजन समिती आहे, विक्रम बचत उपसमिती आहे, सत्कार समिती आहे, आणि सत्कारात द्यायची भिंतीवरची घड्याळं निवडायला वेगळे तीन तज्ज्ञ आहेत. पुढच्या बारा वर्षांचे विक्रम वाटून झालेले. एक नव्या पुलाच्या उद्घाटनाला, एक चिटणीसांच्या निवृत्तीला, एक अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाच्या आसपास, मुहूर्त ठरेल तसा.

दर विक्रमाला नगरपालिका 'सुसाट मार्ग' चार-पाच घरं पुढे वाढवायची. आता तो मार्ग मोठ्या रस्त्यावरून निघून, लाँड्रीला वळसा घालून, एका माणसाच्या मागच्या अंगणात संपत होता. त्या माणसानं तक्रार केली नाही. पुढच्या विक्रमाला स्वयंपाकघर येणार होतं, त्याची तो वाट बघत होता.

घरी दर सत्काराचं एक घड्याळ. भिंती भरल्या, मग दारामागे लावली, मग न्हाणीत. सगळी चालू, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाच्या घरात किती वाजले हे कुणालाच सांगता यायचं नाही. बायको गिरणीच्या भोंग्यावर भात लावायची.

सतरा वर्षांत फक्त एकदा घोळ झाला. परदेशातला कुणी नवखा आला आणि काही मागे न ठेवता, जीव खाऊन पळाला. त्यानं विक्रम एकदम पाच सेकंदांनी मोडला. मंडळात दुखवटा. "उधळ्या!" मास्तर म्हणाले, "घरात वळण नाही, दुसरं काय." तो विक्रम परत घ्यायला सुसाटला कितीतरी वर्षांचा साठा एका दिवसात मोडावा लागला. उपसमितीचे दोन सभासद त्या दिवशी जेवले नाहीत. उधळ्या पुढे कुठे दिसला नाही. म्हणतात, त्यानं बेकरी काढली आणि मजेत आहे. उधळ्या माणसाचं आणखी काय होणार?

तर असं सगळं बैजवार चाललं होतं, आणि सुसाटच्या बायकोनं एक दिवस कपडे धुताना तोंड उघडलं.

विक्रमाच्या दिवशीची बनियन ती इतर कपड्यांत घालायची नाही. धुवायची गरजच नसायची. झटकायची आणि दोरीवर टाकायची. त्या दिवशी झटकताना म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही खरं किती जोरात पळता?"

"म्हणजे काय? जगात सगळ्यात जोरात."

"ते पेपरवाल्यांना सांगा. मी विचारते, पुरा जोर लावलात तर किती? मागे काही न ठेवता?"

सुसाटनं दोरीवरचा एक चिमटा काढला आणि परत तिथेच लावला.

"बाजारातून पिशवी घेऊन जिना चढले की माझं पोलकं भिजतं. ही तुमची बनियन बघा, परीटघडीची. सगळ्या जगानं तुम्हाला पळताना बघितलंय. मी लग्न करून आल्यापासून वाट बघतेय, मला काही दिसलं नाही अजून."

एवढं बोलून ती चादरी पिळायला लागली. तिच्या दृष्टीनं विषय संपला. सुसाटच्या मात्र पायात काटा मोडला. दाढी करताना आरशातल्या माणसाला त्यानं विचारलं, किती रे? त्यालाही माहीत नव्हतं. वय चाळिशीला टेकलेलं. उजवा गुडघा उठता-बसता बिजागरीसारखा कुरकुरायला लागलेला. जगाला त्याचा वेग तोंडपाठ होता आणि त्याचा त्यालाच ठाऊक नव्हता. गुडघा गेला की मग कधीच कळणार नव्हता. त्याला एकदम अशी भूक लागली की जेवणानं जाईना.

तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, एकदा पुरा पळू का?"

मास्तरांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "पोट साफ होतंय ना?"

"होतंय. एकदाच, मास्तर. मला बघायचंय किती आहे ते."

"अरे, किती आहे ते बघायला डबा उपडा करतात का? झाकण उघडून बघतात!"

"झाकण तुम्हीच उघडू देत नाही."

मास्तरांनी टॉवेल काढून डाव्या खांद्यावर टाकला. याच्यापुढे त्यांचं शास्त्र जात नव्हतं.

त्याच आठवड्यात मंडळाची तातडीची बैठक भरली. सुसाटला मानाच्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे दारापासून लांब. मेव्हणाही हजर होता. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मंडळात तो विक्रमपूर्व तयारी अधिकारी होता (पाण्याची बाटली धरायचा).

चिटणीस उठले. "आपण पुरे पळालात, तर विक्रम इतका खाली जाईल की पुन्हा तो कुणालाच मोडता यायचा नाही. आपल्यालासुद्धा. मग या इमारतीचं काय करायचं? तिसऱ्या मजल्याचं तर अजून प्लास्टर ओलंय."

"दाजी, माझा विचार करा," मेव्हणा म्हणाला. "बाटली धरण्याशिवाय मला काय येतं? तसं मी मनावर घेतलं ना, तर मीपण पळेन. पण मी घेत नाही मनावर. का? कारण मला कळतं. तुम्ही तर माझ्यापेक्षा मोठे."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला, तो असा: खेळाडूने जीव तोडून धावू नये. सदर जीव ही मंडळाची स्थावर मालमत्ता असून तिची जागेवरून हालचाल करण्यापूर्वी पूर्वपरवानगी घ्यावी. (एका सभासदानं 'स्थावर' शब्दाला हरकत घेतली. माणूस पळतो, मग स्थावर कसा? त्याला पुढच्या बैठकीला बोलावलं नाही.)

पण मंडळ काही कसाई नव्हतं. चिटणीसांनी सुसाटला बाजूला घेतलं. "एवढी हौसच आहे तर सरावाच्या मैदानावर पळा की. घड्याळ नको, माणूस नको, निकाल नको. मनात असेल तेवढं पळा. आम्ही बघितलंच नाही म्हणू."

सुसाट गेला. टळटळीत दुपार, मैदानावर चिटपाखरू नाही. त्यानं दम भरला आणि सुटला. पहिल्या वळणावर मान आपोआप वळली. कुणी नव्हतं. दुसऱ्या वळणावर परत वळली. तिथे कुंपणावर, पहारेकऱ्याच्या बायकोनं धुणं वाळत घातलं होतं आणि डाव्या खांबावर एक टॉवेल लोंबत होता. सुसाटचे पाय जागच्या जागी ढिले पडले. त्यानं स्वतःला शिव्या घातल्या, परत जोर धरला, वळसा घालून आला, आणि परत तोच टॉवेल. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा त्यानं जाऊन तो टॉवेल उजव्या खांबावर टाकला. त्यानंतर फार तर 'चाललंय ते ठीक' एवढंच पळता आलं.

घरी येऊन तो पायरीवर बसला. "माझ्याच्यानं होत नाही गं. मान वळते."

बायको तांदूळ निवडत होती. "टॉवेलाकडे बघताय कशाला? टॉवेल घरी आहेत की. या पळून, मी देते."

एवढंच. पण शर्यतीच्या दिवशी ती पहिल्यांदाच मैदानात आली आणि मास्तरांच्या बरोब्बर समोरच्या बाजूला जाऊन बसली. जाताना म्हणाली, "मान सरळ ठेवा. वळवायचीच झाली तर माझ्याकडे वळवा."

शर्यत सुरू झाली. पहिल्या तीन फेऱ्या टॉवेल उजव्या खांद्यावर. चौथीला मास्तरांना शंका आली, टॉवेल डावीकडे गेला. सुसाट समोर बघत निघून गेला. पाचवीला मास्तरांनी टॉवेल डाव्या खांद्यावर आपटून दाखवला. सुसाटची मान भिंतीतल्या खुंटीसारखी ताठ. मेव्हण्यानं स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढला आणि मास्तरांच्या डाव्या खांद्यावर दुसरा थर चढवला. काही नाही. मग चिटणीसांनी कोट काढून डाव्या खांद्यावर टाकला. ते बघून नियोजन समिती उठली, बचत उपसमिती उठली. कुणी हातरुमाल, कुणी टेबलावरचा कपडा, ज्याला जे मिळालं ते डाव्या खांद्यावर टाकून सगळे रांगेत उभे. घड्याळतज्ज्ञांनी तर सत्काराचं घड्याळच खांद्यावर घेतलं. मागच्या लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत आली. म्हणून त्यांनीही घेतलं. दहाव्या फेरीला सगळं मैदान डाव्या खांद्यावर काहीतरी टाकून उभं होतं. हजारो माणसं एका माणसाला सांगत होती: आवर.

एकटी बायको मोकळ्या खांद्यानं बसली होती. सुसाट तिच्यासमोरून जायचा तेव्हा तिच्याकडे बघायचा, आणि दर फेरीला त्याचं तोंड जास्तच वाकडं दिसायचं. नाक वाहत होतं. घशातून पंपासारखा आवाज येत होता. सतरा वर्षांत फोटोत कधी न दिसलेलं ध्यान ते. विसाव्या फेरीला गुडघा बोलायचा बंद झाला आणि ओरडायला लागला. सुसाटनं ओरडू दिलं. जे काही कपाटात होतं ते त्यानं सगळं बाहेर काढलं, फळी झटकली, आणि कोलमडून रेषेपलीकडे पडला.

चिटणीसांनी डोळे मिटून घेतले होते. मेव्हणा बाटलीतलं पाणी स्वतःच प्यायला. मग मोठ्या पाटीवर वेळ उमटली.

विक्रम मोडला होता. केसभर.

एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ कुणाला कळेना, आणि मग जो जल्लोष झाला! मास्तर धावत आले (हे पहिल्यांदाच) आणि त्यांनी सुसाटला उठवून मिठी मारली. "पोरा, माझा जीव टांगणीला लावलास! मला वाटलं, उधळलंस सगळं. ऐकलंस शेवटी!"

"नाही मास्तर," सुसाट धापा टाकत म्हणाला. "हे पुरं होतं. खाली थेंब नाही ठेवला."

मास्तरांनी डोळा मारला. "मला सांगतोस?"

चिटणीस आले. "काय तो अभिनय! तोंड काय वाकडं करत होता! आणि तरी काटकसर सुटली नाही. आता पुढचा पुलाच्या उद्घाटनाला."

"साहेब, आता मागे काही नाही. खरंच नाही."

"असंच म्हणत चला. लोकांना आवडतं."

तुम्ही विचाराल, सतरा वर्षं राखून ठेवलेलं गेलं कुठे? कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवून बघा. कुणी खात नाही, कुणी उचलत नाही, दाराला कुलूप असतं. तरी एक दिवस बघावं तर नुसता वास. तसंच हे. अमुक इतका वेग सुसाटच्या अंगात एके काळी होता, याबद्दल मंडळात आजही दुमत नाही.

घरी बायकोनं बनियन हातात घेतली. झटकली नाही. बादलीवर धरून पिळली, आणि धार लागली. तिनं एक टॉवेल नवऱ्याच्या डोक्यावर टाकून ते खसाखसा पुसलं. म्हणाली, "आज पळालात."

"मजा आली गं," सुसाट म्हणाला. "गुडघा गेला बहुतेक."

"जाऊ दे. दोन आहेत."

मग ती स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरचं खोकं काढायला लागली. आई आतून ओरडली, "अगं अगं, कोण पाहुणे आलेत?"

"आलेत, आई. उशिरा आलेत, पण आलेत."

आईनं दारातून मुलाकडे बघितलं. नाक लाल, पाय लांब केलेले, टॉवेलातून केस उभे राहिलेले. तिला बघताक्षणी कळलं असावं. आल्या आल्या तिनं दुधाचं पातेलं पुढे सरकवलं. साय न काढता.

कपाची सोनेरी रेघ गुंडाळलेल्या कागदालाच चिकटून राहिली होती. चहा ओतून पहिला कप उचलला तर कान हातात आणि कप खाली. दुसऱ्याचंही तेच. जोडावर सरस लावलेला होता, तो फळीवर बसून वाळून गेला होता. मग बिनकानांचे गरम कप टॉवेलात धरून तिघांनी चहा प्यायला आणि हसून हसून अर्धा सांडला. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ सांगत होती.

सुसाट परत पळाला नाही. पण पुलाच्या उद्घाटनाच्या अभिनंदनाच्या पाट्या छापून झाल्या होत्या. म्हणून मंडळानं नावाची जागा कोरी ठेवून जाहिरात दिली: मोठा साठा शिल्लक असलेला माणूस पाहिजे. पात्रता एकच, उमेदवाराने आजवर कधीही कुठलीही गोष्ट पुरा जोर लावून केलेली नसावी. 'मी मनावर घेतलं तर' असं वारंवार म्हटल्याचा घरच्यांचा दाखला जोडावा.

अर्ज इतके आले की लिफ्ट बंद पडली. पहिला मेव्हण्याचा. मग चिटणीसांचा, मास्तरांचा, आणि घड्याळवाल्या तिघांचा मिळून एक.

तुमचा अर्ज अजून आलेला नाही. घेऊन ठेवलाय म्हणे, सवडीनं भरणार आहात. मंडळानं तुमचं नाव सगळ्यात वर लिहून ठेवलंय.